कच्च्या केळ्यांचा डबा

…पण कच्ची केळी? ऐन शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, कुणी शहाण्या माणसाने दुसऱ्याच्या घरी कच्ची केळी उकडून, ठेचून पाठवावीत? तुम्हाला सांगतो, आमच्या मस्कतच्या अल् घुब्रातल्या प्रभावतीवहिनींना हा प्रश्न पडला, आणि वहिनींना एकदा प्रश्न पडला की बिल्डिंगमध्ये कुणाची धडगत नसते!

वरच्या मजल्यावर ती ग्रासिया राहते. डोमिनिकन बाई, तिकडे कॅरिबियन समुद्रातली. कुठल्याशा शाळेत नाच शिकवते. तिचं बेट वहिनींनी नकाशात शोधलं, चष्मा लावूनही सापडेना, म्हणजे संशयाला तिथूनच सुरुवात! दर शुक्रवारी बेल वाजते, दारात ही उभी, हातात स्टीलचा डबा, आणि काय म्हणते? "गुड मॉर्निंग, काकू!" काकू! अहो, आंटी नाही, मॅडम नाही, थेट काकू! कुणी शिकवलं हिला?

"अहो, काहीतरी भानगड आहे!" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पण लागतंय छान," शांतारामभाऊ म्हणाले. झालं! जन्मभर एसी दुरुस्त करून त्या माणसाचं डोकंच थंड पडलंय.

डब्यात केळ्यांचा मऊ लगदा, वर व्हिनेगरमधला गुलाबी कांदा, शेजारी तळलेलं चीज, अंडं आणि सलामी. सलामी! म्हणजे डुकराची की काय? वहिनी तडक खाली, राजापूरच्या यूनुसभाईंच्या दुकानात.

"वहिनी, चिकनचीच आहे, माझ्याच फ्रीजरमधली. पण केळी? पिकलेली दिली तर परत करते. हिरवीच पायजेत, एकदम टणक!"

"कशाला पण?"

"आता गिऱ्हाईकाला ते कसं विचारू मी?"

बघा! वहिनी वर आल्या त्या ठरवूनच, भानगड आहे आणि ती देवेशची आहे. एकुलता एक मुलगा, बौशरला ऑफिसात चांगली नोकरी, त्याच्यासाठी चिपळूणची मुलगी हेरून ठेवलेली, मोबाईलमध्ये फोटो तयार… आणि ही बया वर केळी ठेचतेय!

बरं, डबा परत करून मोकळं व्हावं, तर आपल्यात रिकामा डबा परत देतात का हो? जीव गेला तरी नाही! भाऊंनी तो घासून पुसून द्यायचा, वहिनींनी त्यात रव्याचे लाडू भरायचे, आणि देवेशने वर नेऊन द्यायचा. पुढच्या शुक्रवारी? केळी! थालीपीठ दिलं. केळी! खोबऱ्याच्या वड्या दिल्या. केळी! ही थांबत का नाही? कसलं व्रत धरलंय हिने? काहीतरी भानगड आहे!

शेवटी एका शुक्रवारी बेल वाजायच्या आतच वहिनी उठल्या. "यल्ला! आज खलासच करून येते," म्हणाल्या आणि तरातरा वर.

ग्रासियाने दार उघडलं, हातात रवी… म्हणजे रवीसारखंच काहीतरी लाकडी. "काकू! या ना!" पातेल्यात केळी उकडलेली. वहिनी वाकून बघतात तर काय, ही तर आपल्या कोकणातल्या राजेळी केळ्याची बहीण! ग्रासिया ठेचायला लागली, लोणी घातलं, थोडं गार पाणी घातलं, गुठळी राहू नये म्हणून. "ह्याला मांगू म्हणतात. आणि चीज, सलामी, अंडं, हे तीन ठोसे!"

ठोसे? वहिनी दोन पावलं मागे सरकल्या, दार कुठे आहे ते बघून ठेवलं.

"माझी आजी सांगायची," ग्रासिया म्हणाली, "आमच्या वाडवडलांना आफ्रिकेतून बांधून आणलं, उसाच्या मळ्यात राबवलं. केळी ठेचायची रीत त्यांची. आमच्याकडे सकाळी घरभर हाच वास. पण काकू, मांगू एकटीसाठी नाही करता येत. पातेलंभर होतो. खायला माणसं लागतात."

वहिनी नवी नवरी होऊन मस्कतला आल्या तेव्हा भाऊ दिवसभर कामावर, आणि ह्या एकट्या, माहेरच्या भरल्या घराच्या सवयीने दोघांपेक्षा जास्त पोहे करून बसायच्या. गलबलून आलं हो त्यांना. चिपळूणचा फोटो विसरल्या. "दे, मी कांदा कापते," म्हणून ओट्याशी गेल्या…

…तर ओट्यावर तो डबा पालथा घातलेला. आणि बुडावर मराठीत कोरलेलं, 'चि. देवेशच्या बारशाला, आत्याकडून.'

आपला डबा! देवेशने ऑफिसात हरवला म्हणून सांगितलेला!

"हा तुझ्याकडे कसा?"

"देवेश पोहे घेऊन आला होता. म्हणाला, तुमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून मी भरून आणते… पण तो पुन्हा भरूनच येतो! मी घाबरले, काकू. वाटलं, थांबले तर तुम्हाला राग येईल!"

वहिनी भरलेला डबा घेऊन खाली आल्या. देवेश बाथरूममध्ये, आतून कडी. मग भाऊंवर तोफ. "दर आठवड्याला डबा घासता तुम्ही! बुडावरचं नाव दिसलं नाही?"

"दिसलं की! पहिल्याच शुक्रवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"नाश्ता बंद पडला असता," भाऊ म्हणाले, आणि डबा उघडून खायला बसले.

वहिनी मटकन खुर्चीत. "लाडू झाले, थालीपीठ झालं, वड्या झाल्या… आता ह्यात भरून पाठवू तरी काय?"

भाऊंनी शेवटचा गुलाबी कांदा तोंडात टाकला, बाथरूमच्या दाराकडे बघितलं, आणि म्हणाले, "मुलगा राहिलाय."