धुतलेला बांबू

कुरिअरच्या रांगेत माझ्या पुढे एक आजी-आजोबा होते. आजींच्या हातात बांबूचा हातभर तुकडा होता.

“लेकीने मेलेला बांबू मागितला होता ना, बुरशीसकट?”

“हो. मागच्या तुकड्यावर तिला अकरा जातींची बुरशी सापडली.”

“मग हा एवढा चकचकीत कसा?”

“घासून धुतला.”

“अगं, त्या बुरशीवरच तिचा अभ्यास चाललाय. आता चिडेल ती.”

“चिडू दे. म्हणेल, तुम्हाला काही कळत नाही, आता मीच येऊन नेते.”

“खरंच येईल?”

“दोन वर्षं तुकडे व्यवस्थित पाठवले, तेव्हा आली का?”

“नाही. आण तो इकडे. या पेरावर थोडी राहिलीय, पुसून टाकतो.”