लुगड्याचा अर्धा राहिलेला काठ

मंडळी, शाळेच्या या पडवीत सगळं किन्हीराजा गाव दाटीवाटीनं बसलं आहे, आणि कुणाकडे पाहून बोलावं ते मला कळत नाही. समोर देविदासचे वडील बसलेत. काका, मी तुमच्याकडे पाहूनच बोलतो.

मी सुधाकर, कामरगावचा. देविदास आणि मी दुष्काळाच्या साली नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात सोबतच गेलो. एका खोलीत राहिलो.

पहिल्याच महिन्यात सरांनी भाजी रंगवायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी चकचकीत वांगी काढली. देविदासनं किडकं काढलं. सर म्हणाले, "हे भोक कशाला?" हा म्हणाला, "सर, आमच्या मळ्यात असंबी निंगते." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते चित्र भिंतीवर लावलं.

काका, तुम्ही कॉलेजच्या प्रदर्शनाला आला होतात. त्याच्या चित्रापुढे उभे राहिलात. हात पुढे केला, पण लावला नाही. म्हणालात, "हे तुयाच हातचं व्हय काय रे?" त्या दिवशी त्याला जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका तो खूष होता.

कापडावरची नक्षी हा त्याचा विषय. शेवटच्या परीक्षेसाठी लुगड्याचा काठ करायचा होता. मी म्हटलं, "मोर घे, कोयरी घे. सगळे तेच घेतात." तो म्हणाला, "माय रोज भेंडी तोडते. तिच्या लुगड्याले भेंडीचं फूल काहून नाही?"

ते फूल काढायला तो होळीच्या सुटीत घरी आला. भेंडीचं फूल सकाळी उमलतं, ऊन चढलं की मिटतं. म्हणून उजाडताच मळ्यात जाऊन बसला. फुलाकडे पाहत होता. पायाशी साप आहे, हे त्याला कसं दिसावं?

काका, तुम्ही धावलात. जीप मिळाली. दवाखाना तालुक्याला, मालेगावला. मालेगाव दिसायला लागलं, आणि देविदास गेला.

मंडळी, आम्हाला कॉलेजात एकच शिकवलं. नीट पाहा. नीट पाहा. तो नीटच तर पाहत होता ना?

त्याचा कागद मी पाहिला. दोन पाकळ्या रंगवून झाल्यात. बाकी नुसती पेन्सिल. लोक म्हणतात, सुधाकर, तू पूर्ण कर. कसा करू? रंग मी कालवीन. पण तिथं बसून त्यानं काय पाहिलं, ते मला ठाऊक नाही.

काल काकूंनी मला विचारलं, "सुधाकर, तो इतकं शिकला. ते शिकनं आता कुठी गेलं रे?"

काकू, मी त्याच्याच शेजारी बसून शिकलो. मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. उद्या येईल, असंही वाटत नाही.

चला, देविदासच्या श्रद्धांजलीला सगळे उभे राहू. कुणी घड्याळ पाहू नका. आणि काकूंना रडू आलं, तर त्यांना कुणी गप्प करू नका.