सिंकखालचा पाइप

—नाक काय दाबतोस वैद्यनाथा, तुझ्याच दुकानातला पाइप आहे! भाचा म्हणून तुझ्याकडून घेतला. काप, चांगला उभा काप. शी! बघ तो काळा रेंदा— अय्यो! आणि ह्या वासात मी रोज देवाचा नैवेद्य रांधते. राजवाड्यामागच्या जुन्या घरात बिडाचा पाइप होता, गंजला पण कधी वाकला नाही. इथे सतीशला हौस— नवी कॉलनी, केबल टीव्ही, ग्रॅनाइटचा ओटा, आणि खाली हे प्लास्टिक. “अम्मा, जन्मभर टिकतं,” म्हणाला. त्याला कोणी सांगितलं? तूच की! टिकतं म्हणे!

तुंबलं की मी हरिताला बोलायची. आणखी कोणाला बोलू? सून आली आणि हा वास आला, दोन्ही एकदमच. केस टाकत असेल, चहाचा चोथा टाकत असेल— पाहिलं नाही मी, पाहायला कशाला पाहिजे? परवा कुलधर्माला पंगत बसलेली आणि सिंकमधून घाण वर आली भदाभदा, त्यात किडे वळवळत होते रे! मला इतकी किळस आली, सगळ्यांसमोर म्हटलं, हिच्या हाताला स्वच्छता नाही, आईनं शिकवलीच नाही. तशीच ताटावरून उठली, ओरत्तनाडूला माहेरी गेली. पोटुशी आहे. आणि सतीश मला काय म्हणतो— पाइप उघडू दे, तिचं काही निघालं तर मी गप्प बसतो, नाही निघालं तर तू जाऊन तिची माफी माग, नाहीतर मी तिकडेच राहायला जातो. पोटचा मुलगा असं बोलतो!

तर दाखव, कुठे आहेत केस? नाहीत? नीट बघ. चोथा?... मग हे खळीसारखं काय साचलंय? कंजी? भाताचं पाणी? आणि पाइप मध्येच असा लोंबलाय का? उकळतं पाणी? अरे, उकळतं कोण ओतणार— भात मी वेळते, मडीत, सोवळ्यानं, न्हाऊन, ओलं नेसून. त्या पातेल्याला कोणाला शिवू देत नाही मी, हरिताला तर नाहीच. कंजी गॅसवरून उतरली की तशीच, वाफाळती, सिंकमध्ये. जुन्या घरी गाईला जायची. इथे कॉलनीत गाय कुठे? मग मी रोज दोन्ही वेळा...

काय बघतोस माझ्याकडे असा? भाताचं पाणी सोसत नाही तो पाइप कसला! थू! बिडाचा आण, बिडाचा लाव. आणि हा तुकडा पोत्यात घालून घेऊन जा, सतीश यायच्या आत. विचारलं तर सांग, केस निघाले. लांब केस. एवढं म्हण, तुझं काय जातं? मी कशी जाऊ रे ओरत्तनाडूला, त्यांच्या दारात, कुठल्या तोंडानं? मान काय हलवतोस? मामी आहे मी तुझी... नाही? नाही म्हणतोस?

मग ऊठ. हात धुऊ नको इथे, बाहेर नळावर धू. नवा पाइपही नको मला तुझा. तो तुकडा ठेव खाली— तिथे नको, इथे, ओट्यावर, सतीशला दिसेल असा. आता जा.