आत काय बसवलंय?

बहारीनमधली माझी नोकरी पहिल्याच महिन्यात जाता जाता वाचली, ऐका. अलार्मच्या सर्किटसाठी मी तांदळाएवढा पार्ट निवडला होता. एकात दोन ट्रान्झिस्टर, आणि त्यांचे रेझिस्टरही आतच. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ते नवंच होतं. आलेला माल तपासायचे रत्नागिरीचे इक्बालभाई. मीटर लावताच ते ओरडले, "सगळे करंट लीक मारतायत! खलास! कुणी निवडले हे?"

"मीच. भाई, रेझिस्टर आत आहेत, म्हणून मीटर तसं दाखवतो."

कंपनीकडून पार्टच्या माहितीचा, डेटाशीटचा फॅक्स आला; तो वाचून त्यांनी फेकलेला एकेक पार्ट चिमट्याने गुपचूप उचलला. तेव्हापासून मी जेवणाचा डबा उघडायच्या आधी इक्बालभाई रोज विचारायचे, "आत काय काय बसवलंय?"

परवा पुण्यात डबा उघडताना हात झाकणावरच थांबला. कुणी विचारलंच नाही.