गेनूभाऊंची विसरलेली वाटी

ऐका. आधी ती कवाडाची कडी लावा, मग सांगते.

आमच्या शेजारचे गेनूभाऊ. एकच गाय त्यांची, हरणी, सात महिन्यांची गाभण. माळावरचं वाळकं गवत खाऊन तिला हाडं चघळायची खोड लागलेली. मेलेल्या ढोरांची हाडं, बरं का. डॉक्टर म्हणाले, "अंगात क्षार कमी पडलेत. हे खनिज मिश्रण द्या. रोज ह्या छोट्या वाटीनं एकच वाटी. जास्त झालं तर हेच विष."

मला कसं माहीत? आमची भिंत एकच. कान काय बंद करू?

दिवस बुडाल्यावर भाऊ दोन किलोची पिशवी घेऊन माळावरच्या गोठ्याकडे निघाले. वाट हाडोळ्यावरून, मेलेली ढोरं टाकतात तिथून. अंधारात मागं कुणीतरी, भाऊंनीच मला नंतर सांगितलं. कड, कड. हाड फोडल्यासारखं.

"गेनू, किती घालणार?" वारलेल्या चुलत्याचा आवाज.

"एक वाटी, तात्या."

"गाभणीला एवढ्यानं काय होतंय? दोन घाल."

भाऊ चालतच राहिले. बाभळीपाशी आवाज आईचा झाला. "लेकरा, अर्धी पिशवी घाल. एका रात्रीत गुण येईल." आणि गोठ्याच्या दारात, ऐका हं, आवाज त्यांचा स्वतःचाच. "ओत सगळी." आपलाच शब्द कसा मोडायचा? वाटी तर घरीच राहिलेली. भाऊंनी पिशवी गव्हाणीत उपडी केली. हरणीनं तोंड खाली घातलं.

इकडे मला त्यांच्या ओट्यावर वाटी दिसली. राहवतंय होय? बॅटरी घेतली नि पळाले. हाडोळ्यावर मलाही कड, कड. "वैनी, कुठं निघालीस?"

म्हटलं, "तुला रे कशाला नसत्या चौकशा?" आणि पाय उचलला.

गोठ्यात शिरून म्हटलं, "भाऊ, वाटी विसरलात की."

वाटी बघताच ते झोपेतून उठल्यासारखे दचकले. हरणीला मागं ओढलं. "दोन घास गेले, वैनी."

"दोनच ना? ओढा अजून मागं."

गव्हाण झाडली. पाणी पाजत रात्रभर बसलो. पहाटे हरणी रवंथ करू लागली, तेव्हा भाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढं रोज एक वाटी. हाडं चघळायची खोड सुटली. कालवड झाली, ती बघा खिडकीतून, बाहेर उड्या मारतेय.

पण रात्री हाडोळ्याची वाट धरू नका. 'आणखी थोडं घाल' म्हणणारा अजून तिथं बसलाय. ती वाटी आता माझ्याकडेच असते. भाऊ रोज संध्याकाळी मागायला येतात, आणि गावात काय चाललंय ते मला घरबसल्या कळतं.