एकदाच नमस्कार

मंडळी, कुणी कामावरून, कुणी एअरपोर्टची शिफ्ट संपवून थेट या चर्चमध्ये आलात. आज आपण वेराबाईंना शेवटचा निरोप द्यायला जमलोय. त्यांची मुलगी कात्या मला म्हणाली, "आईबद्दल तुझ्याच भाषेत बोल. तिला ती ऐकायला आवडायची." म्हणून मराठीतच बोलते.

वेराबाई मूळच्या रशियातल्या. तिथल्या मोठमोठ्या सभागृहांत त्यांनी ऑर्गन वाजवला, युरोपभर मैफली केल्या. अशाच एका मैफलीसाठी डब्लिनला आल्या आणि इथल्याच झाल्या. मग डब्लिनजवळच्या या स्वोर्ड्स गावात ऑर्गन शिकवायला लागल्या. आपली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखाली तयार झाली. आणि चाळिशी उलटलेली मी, औषधांच्या प्लँटमधली इंजिनिअर, लहानपणी थोडीफार पेटी शिकलेली. मलाही त्यांनी घेतलं.

पहिल्याच दिवशी माझं घोडं अडलं. ऑर्गनला खाली पायांनी वाजवायच्या पट्ट्या असतात. वाद्याला पाय लावायचा? मला जमेना. पाय लागला की मी वाकून नमस्कार करायचे. सूर तुटायचा. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. दुसरं कुणी असतं तर ठेवून घेतलं असतं मला?

वेराबाईंनी विचारलं, "हे काय चाललंय तुझं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला एकदाच नमस्कार कर. मग मात्र पाय नीट ठेव. भीत भीत ठेवलास, तर त्यात कसला आलाय मान?"

पुढे त्यांच्या एका मैफलीत पानं उलटायला मी शेजारी होते. हॉल भरलेला. बसण्याआधी वेराबाई वाकल्या, त्या पट्ट्यांना बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. लोकांना वाटलं असेल, बुटाची नाडी बांधतायत. माझे डोळे असे भरले की पहिलं पान उलटायला उशीर झाला. त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली, चांगलीच.

शेवटच्या आजारात त्यांचे पाय उचलेनासे झाले. म्हणाल्या, "मी गेल्यावर माझ्यासाठी तू वाजव." मी म्हटलं, "बाई, माझे पाय थरथरतील." त्यांनी हात हलवला आणि इथल्या आयरिश लोकांसारखं, 'ठीक होईल' या अर्थानं म्हणाल्या, "ग्रँड होईल सगळं."

बाई, तुम्ही माझ्या नमस्काराला हसला नाहीत. मी फार कृतज्ञ आहे तुमची.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. मग मी त्यांच्या ऑर्गनपाशी जाईन. नमस्कार करेन, एकदाच. आणि वाजवेन.