तिसरा सिलिंडर

धाकटा : एक पॉइंट एक! ताई, सकाळी नऊला गाडी रोलरवर चढवली, आता दोन वाजत आले. आणि आपण कुठे आहोत? एक पॉइंट एक बारवर. पाच तासांत नखभर बूस्ट वाढवलंस.

ताई : नखभरच वाढवायचं असतं. मागचे पट्टे घट्ट आहेत का बघ.

धाकटा : तीनदा बघितले. चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि तूही हलत नाहीस. मला एक पॉइंट चार पाहिजे.

ताई : तुला पाहिजे, हे इंजिनाला कुणी विचारलंय का?

दाजी : मी हे कानांवरचं जरा काढू का? आत घामाचं तळं झालंय.

ताई : काढा, पण नळी ओढू नका हं. तिचं दुसरं टोक इंजिनाला बोल्टने आवळलंय, आतला आवाज तिच्यातूनच ऐकायचाय.

दाजी : नाही गं ओढत. सुट्टीच्या दिवशी घरी पडून राहायचं सोडून इथे कानाला नळी लावून बसलोय. शाळेतल्या पोरांनी बघितलं तर म्हणतील, गाण्याचे मास्तर गेले कामातून.

धाकटा : दाजी, तुम्हीच सांगा हिला. शनिवारी त्या टीमचा मॅनेजर ट्रॅकवर येतोय. एका ड्रायव्हरची जागा आहे त्यांच्याकडे. माझी फेरी होते एक मिनिट चोपन्न सेकंदांत. तो म्हणाला, बावन्नच्या आत आण, मग बोलू. चौतिसावं लागलंय मला. पुढच्या वर्षी कोण विचारणार आहे?

दाजी : हे बघ, मला यातलं ओ की ठो कळत नाही. हिने कान दे म्हटलं, मी दिला.

ताई : बावन्न करायचेत म्हणून तर बसलेय ना? नाहीतर मला काय हौस आलीय? कालपासून तीन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलंय.

धाकटा : मग चढव ना! तो पलीकडच्या गल्लीतला ट्यूनर अर्ध्या तासात एक पॉइंट चार करून देतो. लॅपटॉप जोडला, दोन आकडे बदलले, जा घरी.

ताई : आणि घरी कशाने जायचं? टेम्पोत घालून? अरे, बूस्ट वाढवलं की टर्बो इंजिनात जास्त दाबाने हवा कोंबतो. हवा जास्त, की पेट्रोल जास्त लागणार, आग जास्त भडकणार. पेट्रोलचा दाब शेवटपर्यंत टिकतो का हे बघायला मला तासभर लागला. हवा किती तापून आत जाते ते बघितलं. मग ठिणगी थोडी उशिरा पाडली, मग एक दशांश वाढवला. आता परत पहिल्यापासून तेच. आणि मधे इंजिन थंड होऊ द्यायचं, ते वेगळंच.

धाकटा : पाठ आहे मला. पाढ्यांसारखं.

ताई : पाढे पण तुला कधी धड आले नाहीत. बस आत. एक पॉइंट दोन लावलंय. चौथा गिअर, अडीच हजारांपासून पूर्ण दाब. मी हात वर केला की पाय उचलायचा. का, कशाला, काही विचारायचं नाही.

धाकटा : आणि नाही केलास वर?

ताई : साडेसहा हजारांना सोड. अहो, कान लावा.

दाजी : लावले. पंखा जरा बाजूला घ्या रे, कागद उडतायत.

ताई : पंखा तिथेच राहील. चल, दाब!

धाकटा : झालं! हात नाही केलास वर, बघितलंस? काय ओढतेय गं! आता सरळ एक पॉइंट चार लाव, मी चहा सांगतो.

दाजी : जरा थांबा. मला काहीतरी ऐकू आलं.

ताई : काय?

दाजी : कसं सांगू... पितळी वाटीवर कुणी नखाने टिचकी मारावी तसं. टिक टिक टिक, तीनचारदा. मोठा आवाज चढत होता ना, त्याच्या पोटात. मग गेलं.

धाकटा : दाजी, शंभर नटबोल्ट आहेत तिथे. एखादा वाजला असेल.

ताई : तू गप्प. किती आरपीएमला आलं ते सांगता येईल?

दाजी : आकडा नाही सांगता येणार. पण इंजिनाचा सूर कुठे होता ते आठवतंय. म्हणून दाखवू? अंऽऽऽ... हा. इथे.

ताई : गिअर काढ रे. हळूहळू रेस कर. अगदी हळू.

दाजी : अजून वर. अजून... थोडा खाली. हा! इथेच होतं ते.

ताई : चार हजार नऊशे. जिथे टर्बोचा जोर सगळ्यात जास्त लागतो, नेमकं तिथे पेट्रोल अवेळी भडकतंय.

धाकटा : अगं पण स्क्रीनवर बघ ना! नॉकिंगचा, ती टिकटिक पकडणारा सेन्सर काय म्हणतोय? शून्य. एवढा सेन्सर बसवलाय तो कशाला? गाण्याच्या मास्तरांच्या कानावर गाडी ट्यून करायची का आता?

ताई : शून्य आहे खरं.

धाकटा : मग!

ताई : सगळीकडे शून्य आहे. अडीच हजारालाही आणि साडेसहा हजारालाही.

धाकटा : म्हणजे इंजिन ठणठणीत आहे.

ताई : ठणठणीत इंजिनही आवाज करतं, बाळा. झडपा आपटतात, पिस्टन खालीवर होतो. त्या सेन्सरला सारखं काही ना काही ऐकू येतच असतं. वेग वाढला की रेघ वर चढायलाच पाहिजे. ही तर आखून काढल्यासारखी सपाट आहे. माझंच चुकलं. सकाळपासून मी रेघ उसळते का एवढंच बघत बसले, ती जिवंत आहे का हे बघितलंच नाही. टॉर्च दे.

धाकटा : वायर ढिली झाली असेल. आपण नंतर...

ताई : टॉर्च.

दाजी : ही घे. माझ्याकडे होती.

ताई : अहो, जरा इथे धरा. खाली. त्या पाइपच्या मागे... हे काय आहे?

दाजी : काय आहे?

ताई : तुम्हाला नाही विचारत. हे काय आहे रे? सेन्सर इंजिनाला लावलेलाच नाही. पाइपला पट्टीने बांधून लोंबकळत ठेवलाय. आणि त्याच्याभोवती हा... भांडी घासायचा स्पंज?

धाकटा : नवा होता.

दाजी : अरे देवा.

ताई : नवा होता! कधी केलंस हे?

धाकटा : महिना झाला.

ताई : महिनाभर तू असा चालवतोयस? दोन रेस केल्यास यात?

धाकटा : ताई, ऐक. सरळ रस्त्यावर पाय दाबला की गाडी मधेच मरगळायची. सेन्सरला काहीतरी ऐकू यायचं आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडून जोर कमी करायचा. प्रत्येक फेरीला. मागचे सगळे मला टाटा करत पुढे जायचे. सेन्सर बिघडलाय असंच वाटलं मला.

ताई : तर मला सांगायचं!

धाकटा : तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? इंजिन उतरव. म्हणजे तीन आठवडे गेले, म्हणजे सीझन गेला. तू नाहीच म्हणतेस, ताई. सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून तुझ्या तोंडून दुसरा शब्द ऐकला नाही मी. नवीन क्लच? नाही. मोठा टर्बो? थांब. शनिवार? बघू. मला जिंकायचं असतं आणि तुला इंजिन वाचवायचं असतं.

ताई : मला इंजिन वाचवायचं असतं? इंजिनाचं काय मेलं! इंजिन मी डोळे मिटून परत बांधते. ती गाडी महिनाभर बोंबलत होती, मला काहीतरी होतंय म्हणून. आणि तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास.

दाजी : अगं, हळू बोल जरा. शेजारी वेल्डिंगवाला काम थांबवून बघतोय.

ताई : बघू दे. आज मी एक पॉइंट चार लावून दिलं असतं. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं, का नाही लावणार? आणि शनिवारी त्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, दोनशेच्या वेगात, ते इंजिन फुटलं असतं. तेल कुठे जातं माहीत आहे ना? मागच्या चाकांखाली.

धाकटा : माहीत आहे.

ताई : नाही माहीत! मी बघितलंय. कारखान्यात टेस्टिंगला होते तेव्हा. आलेख स्वच्छ होता, कानाला काहीतरी खटकत होतं, आणि मी आलेखावर सही केली. काचेच्या पलीकडे होतो म्हणून आम्ही वाचलो. काचेत रॉड घुसला होता, एवढा.

धाकटा : तो किस्सा शंभरदा ऐकलाय मी.

ताई : आणि शंभरदा विसरलास.

दाजी : भांडून झालं असेल तर एक विचारू? सेन्सर खोटं बोलत नव्हता म्हणतेस. मग त्याला महिन्यापूर्वी काय ऐकू येत होतं? तेव्हा तर बूस्ट एकच बार होतं ना?

ताई : ...बरोबर. एक बारला टिकटिक व्हायला नको होती. प्लग काढ रे. चारही, आणि क्रमाने ठेव.

धाकटा : गरम आहेत.

ताई : हातमोजे घाल. तेही मीच सांगू?

धाकटा : हा पहिला. हा दुसरा. रंग चांगला आहे, विटकरी. हा...

ताई : थांबलास का? दाखव.

धाकटा : पांढरा पडलाय.

ताई : उजेडात धर. पांढऱ्यावर बारीक ठिपके दिसतायत, मिरपूड सांडल्यासारखे? चमकतात बघ. ते तुझ्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. चौथा बघू. चौथा ठीक. फक्त तिसरा.

दाजी : एकट्या तिसऱ्यालाच का?

ताई : त्याचं पेट्रोल फवारणारं इंजेक्टर चोंदलं असणार. तिसऱ्याला पेट्रोल कमी म्हणून तो जास्त तापतो, उरलेल्या तिघांना पुरेसं. पेट्रोल पुरतंय का ते दाखवणारा माझा मीटर सायलेन्सरच्या पाइपात बसवलाय. त्याला चौघांचा मिळून एकच आकडा दिसतो. तिघं जेवलेले, एक उपाशी, आणि मीटर म्हणतोय घरात सगळे जेवलेत.

धाकटा : मग इंजेक्टर बदलू. आत्ता बाजारात जाऊन आणतो. उद्या बसवू, परवा परत रोलरवर...

ताई : आधी हवा भरून बघू दे. तिसऱ्याचा पिस्टन वर आण. अहो, तेलाचं झाकण उघडलंय, तिथे कान लावा. मी हवा सोडते.

दाजी : सोड.

धाकटा : काही नाही ना, दाजी?

दाजी : फुस्स असा आवाज येतोय. बारीक नाही, चांगला मोठा. कानाला वारा लागतोय.

धाकटा : परत सोड. पाइप नीट बसला नसेल.

ताई : परत सोडते. तुझ्या समाधानासाठी.

दाजी : तसाच येतोय रे.

धाकटा : बूस्ट कमी केलं तर? आठ दशांशावर एक दिवस. फक्त शनिवार, ताई. वळणांवर काढीन मी दोन सेकंद. आईशप्पथ काढीन.

ताई : हवा पिस्टनच्या कडेने खाली तेलात निसटतेय, म्हणजे त्याचा कडेचा भाग फुटलाय. आठ दशांश काय, ही गाडी आता पेट्रोलपंपापर्यंतही न्यायची नाही.

धाकटा : म्हण की मग. नाही म्हण.

ताई : नाही.

दाजी : बस जरा. पाणी घे. मॅनेजरला फोन कर, खरं काय ते सांग. शनिवारी आयत्या वेळी तोंड लपवण्यापेक्षा बरं.

धाकटा : काय सांगू? स्पंज लावला होता म्हणून?

दाजी : हो. तेच.

(धाकटा फोन घेऊन बाहेर जातो. तो परत येतो तेव्हा गाडी रोलरवरून उतरलेली असते.)

दाजी : काय म्हणाला?

धाकटा : शनिवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतोय. गाडी नाही तर तू येऊन काय करणार, म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

ताई : स्पंजचं बोललास?

धाकटा : सगळं बोललो. लपवायला आता राहिलंय काय? मला वाटलं हसेल. हसला नाही. मग विचारलं, स्क्रीन शून्य दाखवत असताना गाडी थांबवली कुणी?

ताई : तू काय सांगितलंस?

धाकटा : म्हटलं, दाजींनी ऐकलं आणि ताईने ऐकून घेतलं. त्यांची या सीझनमध्ये दोन इंजिनं गेलीत म्हणे. दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळं आलबेल होतं. तुझा नंबर मागितला.

ताई : माझा? कशाला?

धाकटा : इंजिनाचं बघायला माणूस हवाय त्यांना. पुढच्या सीझनसाठी.

दाजी : अगं! म्हणजे...

ताई : थांबा हो. आणि तुझ्याबद्दल काय म्हणाला?

धाकटा : माझ्याबद्दल काही नाही.

ताई : अगदी काहीच नाही?

धाकटा : खरं सांगितलंस ते बरं केलंस, एवढं म्हणाला. ठेवताना.

ताई : मग मला काही बोलायचं नाही त्याच्याशी. दिलास नंबर?

धाकटा : दिला.

ताई : मला न विचारता?

धाकटा : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

दाजी : तुझाच फोन वाजतोय बघ. टेबलावर. अनोळखी नंबर आहे.

ताई : वाजू दे. इंजिनाचं हेड उतरवायचंय, अर्धे बोल्ट ढिले केलेत मी. हात तेलाने बरबटलेत.

धाकटा : हे फडकं घे, ताई. पाना मी धरतो.